चावीच्या पोटातली चावी

"होडी माझी लेक गो, तिका उघडी टाकू नको,
आभाळ काळा होयसर तू हात बांधून रवू नको…"

हा आवाज जहिराच्या सासूचा. जहिरा नवी नवरी होऊन मालवण बंदरामागच्या आळीत आली, त्या वर्षी मे महिना सरताना किनाऱ्यावर तिनं तो पहिल्यांदा ऐकला. म्हातारी कमरेवर हात ठेवून वाळूत उभी राहायची आणि माणसं होडी ओढून वर आणेपर्यंत गात राहायची. मग होडीची उस्तवार सुरू. फटीफटीत कापूस, कापसावर कढत राळ, अंगावर माडाची विणलेली झापं आणि झापांवर सुंभाचे वेढे. पावसाळाभर होडी त्या झापांच्या घरात निजून राहायची, माहेरी आलेल्या बाळंतिणीसारखी.

म्हातारी गेली. जहिराच्या नवऱ्याचे, मेहबूबचे, गुडघे वाळूत कुरकुरायला लागले, तशी होडीही दुसऱ्याच्या दारी गेली. पण तो आवाज मेहबूबच्या हातांत कुठंतरी उरला असावा. नाहीतर शहाण्यासुरत्या माणसानं मोटारगाडीला झापं कशाला घातली असती?

घातली, आणि अगदी मन लावून घातली. होडी विकली तेव्हा मुलानं, इरशादनं, बापाचं तोंड उतरू नये म्हणून पांढरी गाडी आणून दारात उभी केली. जुन्या काळी मेहबूबनं मासळीचा टेम्पो हाकला होता, त्यामुळे गाडी त्याला चालवता येत होती. पण मे सरला, बंदरातल्या होड्या वर आल्या, आणि मेहबूबचे हात शिवशिवायला लागले. त्यानं गाडी माडाखाली घेतली, चाकांना चिरे लावले, वरून झापं घातली आणि सुंभानं आवळून टाकली.

"अवो, गाडी ती," जहिरा म्हणाली होती. "ती काय दर्यात जावची नाय."

"लोखंड आसा गो ता. खारी हवा लाकडाच्या आधी लोखंडाक खाता. खिडकीचे गज बघलंस मा आपले?"

खिडकीच्या गजांची चाळण झाली होती, हे खरंच होतं. जहिरा गप्प बसली.

गप्प बसायची तिला सवयच लागली होती, आणि त्याला कारण होतं. इरशाद पनवेलात नोकरीला. बायको अलीजा, लहानगा रिझवान, असा त्याचा तिथला संसार. ईदेला आला तेव्हा त्यानं अट घातली होती. "दर आठवड्याक गाडी चालू करा. राती-बेरातीक दवाखान्यात जावचा झाला तर कोणाच्या दारात धावतलास? गाडी चालू आसली तर माका घोर नाय. नायतर तुमी दोघाय पनवेलाक येवा. खोली रिकामीच आसा."

पनवेलची ती खोली जहिरानं पाहिली होती. रिझवान झाला तेव्हा ती तिथं राहून आली होती. खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी. सकाळी कोंबडा आरवायचा, तोही अलीजाच्या मोबाइलमध्ये. सून गुणाची, नातू लोण्याचा गोळा, तक्रारीला जागा नाही. पण परत येताना कुडाळ स्टेशनावर उतरून तिनं पहिला श्वास घेतला, तेव्हा तिला कळलं की इतके दिवस आपण अर्धाच घेत होतो.

जहिराला पनवेलला जायचं नव्हतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, मेहबूबलासुद्धा नाही. मुलानं प्रेमानं हाक मारावी आणि आईनं 'येत नाही' म्हणावं, हे तिच्या तोंडातून निघेना. इरशादनं विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या अब्बाक विचार." अब्बाला विचारलं की अब्बा म्हणायचा, "बघूया." आणि ते नकोपण जहिरानं जिभेखाली ठेवून दिलं होतं, लवंगेसारखं. झोंबत होतं, पण दिसत नव्हतं. गाडी चालू राहिली तर आपल्याला बोलावंच लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

आणि ती गाडी तर झापांत निजलेली. आठवड्याला इरशादचा फोन यायचा आणि मेहबूब त्याच झापांच्या सावलीत बसून सांगायचा, "व्हय रे, कालच वालावलापर्यंत फिरान इलंव. देवळाकडच्या तळ्यार वायच थांबलंव." पाऊस सरला, होड्या पाण्यात गेल्या, तरी त्याचं आपलं, "सोडूया गो झापा. घाई कित्याक?"

त्या सकाळी घाईच दारात आली. म्हणजे फोनवर आली.

"अम्मी, मी ट्रेनीत आसंय! आत्ताच चिपळूण गेला. सांगूक नाय, म्हटला तुमका चकित करूया. अब्बाक सांग, गाडी घेवन कुडाळाक येवा. बघतंय तरी गाडी कशी ठेवली हा ती."

जहिरानं फोन ठेवला आणि अंगणात येऊन एवढंच म्हणाली, "अवो, उठा. तुमची बाळंतीण उठवा."

सुंभ कापलं, झापं ओढली. आतून एक कोंबडी किंचाळत बाहेर पळाली; तिनं तिथं अंड्यांचा संसार मांडला होता. झापांखालून गाडी निघाली ती मळकट, झोपमोड झाल्यासारखी. मेहबूबनं खिशातून काळी चावी काढून बटण दाबलं. एरवी बटण दाबलं की गाडी डोळे मिचकावून 'कुक्' म्हणायची. आज हूं की चूं नाही. त्यानं जवळ जाऊन दाबलं, लांब जाऊन दाबलं, माडाला वळसा घालून पलीकडून दाबलं.

"रेंज नाय वाटता हयसर," तो म्हणाला.

"रेंज?" दगडी गडग्यापलीकडून हसू आलं. शेजारीण लीला, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तोंडात सुपारी आणि जिभेवर टोमणा, दोन्ही एका वेळी सांभाळणारी. "मेहबूबभाय, बॅटरी मेली ती. आमच्या ह्यांच्या टेम्पोची मरता तशी. टेम्पोच्या बॅटरीक वायरी लावल्यार जिती होतली."

"मगे भाईक बोलव मा टेम्पो घेवन!" जहिरा म्हणाली. भाई म्हणजे लीलाचा नवरा. बाजारात नारळ पोचवायचा त्याचा धंदा.

"बोलवतंय. पण बॅटरी बोनेटाखाली. बोनेट उघडूची दांडी गाडयेच्या आत. आत जावक दार उघडूक व्हया. आणि दार उघडूक…" लीला थांबली आणि हात नाचवत सुरात म्हणाली,

"दार उघडूक व्हयी बॅटरी,
बॅटरीक व्हया उघडा दार,
मेहबूबभाईची गाडी बसली
रुसान माडाखाली गार!"

"गाणी काय म्हणतंस गो, उपाय सांग!"

"उपाय? गाऱ्हाणा घालूया." लीला गडगा ओलांडून आली, गाडीसमोर हात जोडून उभी राहिली आणि गावकराच्या आवाजात सुरू झाली. "बा देवा म्हाराजा! ह्या मेहबूबान गाडयेची होडी केल्यान…"

"व्हय म्हाराजा!" मेहबूब ओरडला. जत्रेत, शिमग्यात, बंदरावर ही हाक ऐकतच तो वाढला होता. पुढचं उत्तर घशातून आपोआप यायचं.

"अक्कल झापांत बांधून ठेवल्यान…"

"व्हय म्हाराजा!"

"ती चूक पोटात घाल, आणि ह्या दाराक वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मेहबूबचं तोंड उघडलं. दार काही उघडलं नाही.

"पाटो आणूया काय?" मेहबूब काचेकडे बघत म्हणाला. "एक ठोको आणि…"

"आणि फुटकी काच घेवन झिलाक आणूक जातलास? मगे तो आमका आजच पनवेलाक नेतलो, बोचक्यात बांधून." जहिरानं फोन उचलला. "इरशादाकच विचारतंय. पण आपली गाडी म्हणान न्हय."

फोन लागला. मागं रुळांचा खडखडाट.

"इरशादा, सहज विचारतंय हां बाबा. एकाची गाडी बंद पडली हा. चावी दाबतत, पण दार उघडणा नाय."

"कोणाची गो?"

जहिराच्या डोळ्यांसमोर लीला उभी होती. "लीलेच्या जावयाची."

लीलाच्या तोंडातली सुपारी खाली पडली.

"लीलाकाकीच्या अनुजाचा लगीन झाला? आमका सांगूक नाय?"

"झाला नाय रे. ठरता हा. तो बघूक इलो होतो, आणि आता जातलो कसो? गाडी बसली."

"खयची गाडी?"

"तुझ्यासारखीच. सफेद."

"मगे सोपा आसा. तेका सांग, चावयेच्या पोटात दुसरी चावी आसता, लोखंडाची. बाजूक बारीक खिटी आसा, ती सरकवन ओढलास काय—"

आणि बोगदा. फोन मेला.

लीला कमरेवर हात ठेवून उभी. "माझ्या चेडवाचा लगीन तू परस्पर ठरवन मोकळी झालंस?"

"मगे काय सांगू? आमचीच गाडी म्हणान सांगू?"

"बरा, मरांदे." लीलानं जरा विचार केला. "शिकलेलो आसा मा?"

"गाडी आसा तेची."

"बंद पडलेली!"

मेहबूब तोवर चावी उलटीपालटी करत होता. खिटी सापडली, सरकली, आणि काळ्या चावीच्या कुशीतून एक चपटी, चकचकीत, इवलीशी चावी बाहेर आली. मासा कापताना आतून अंड्यांची अख्खी गाबोळी निघावी तसं तिघांचं तोंड झालं. एवढे दिवस ती तिथंच होती, खिशात फिरत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. जहिराच्या ओठांवर जात्यावरच्या चालीत ओळ आली,

"नारळाच्या पोटी पाणी, पाण्याच्या पोटी गोडी,
चावयेच्या पोटी चावी गो, ही कोणी घातली कोडी…"

"कोडी मगे सोडव," मेहबूब म्हणाला. "चावी इली. आता घालू खंय? ह्या दाराक भोकच नाय!"

खरंच नव्हतं. हँडल गुळगुळीत, दार गुळगुळीत. मेहबूबनं घोड्याची पाठ चाचपावी तशी सगळी गाडी चाचपली. पेट्रोलचं झाकण सोडलं तर भोक म्हणून नाही. पुन्हा फोन. रत्नागिरी मागं पडली होती.

"भोक नाय म्हणता रे तो."

"कोण?"

"जावय."

"अगो, लपवलेला आसता ता. काय करता गो जावय? एवढीव म्हायती नाय तेका?"

लीला कानाशी येऊन फुसफुसली, "बँकेत! बँकेत सांग!"

"बँकेत आसा," जहिरा म्हणाली.

"मगे बरोबर. तेका सांग, हँडलाच्या कडेक एक टोपण आसा. तेच्या खाल्ल्या अंगाक बारीक चीर आसा बघ. त्या चिरीत ती चावी खुपसून टोपण वर उचलूचा. टोपण गेला काय कुलपाचा भोक दिसात. पण चिरीत माती-बिती गेलेली आसली तर आधी—"

बोगदा.

मेहबूब वाकला. हँडलाच्या खालून बोट फिरवलं. मग चाकाला लावलेल्या चिऱ्यावर बसला.

"काय झाला? चीर गावली?"

"गावली."

"मगे?"

"ती मी बुजवलंय."

"काय केलास?"

"मे महिन्यात. झापा घालूच्या आधी. बारीक भोक दिसला, म्हटला पाणी शिरात." त्यानं मान खाली घातली. "राळ घातलंय."

मग लीला गडग्याला टेकून हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. "मेहबूबभाय! गाडी काय बुडाची होती? ती काय न्हिवतीच्या दर्यात मासे मारूक जाणार होती?"

"भोक दिसला काय हात थय जाता, त्येका मी काय करू!" मेहबूब कळवळून म्हणाला. "आयुष्यभर तेच केलंय. भोक ठेवलंय तर माणूस घराक येणा नाय."

जहिराला हसू येत होतं, पण हसायला वेळ नव्हता. इरशादची ट्रेन डोंगर पोखरत खाली येत होती. एकेक बोगदा म्हणजे पनवेल एकेक पाऊल जवळ. तिनं सुरी आणली, सुई आणली, केसांतली पिन काढून दिली. राळ पावसाळाभर मुरून दगड झाली होती. सुईचं टोक वाकलं, पिन मोडली. मेहबूबची राळ होती ती, खार्‍या पाण्याला दाद न देणारी. घालणाऱ्यालाही देत नव्हती.

"राळ फक्त उष्णतेक ऐकता," मेहबूब म्हणाला. "पण गाडयेक चूल कशी लावतलंव?"

"गाडी चुलीर कित्याक घालूक व्हयी?" जहिरा म्हणाली. "चावी घालूया की!"

तिनं ती इवली चावी सांडशीत धरली आणि गॅसवर तापवली. मासा भाजताना जसा अंदाज घ्यावा तसा तिनं तिचा रंग जोखला. मग ओढणी खोचून सांडशी पुढं धरून स्वयंपाकघरातून अंगणात धावली. वाटेत मेहबूब, वाटेत लीला, वाटेत ती वेंधळी कोंबडी. "बाजूक! बाजूक सरा!" कढत चावी चिरीत गेली. चर्र झालं. राळ जरा नमली आणि चावी थंड झाली.

पुन्हा गॅस. पुन्हा धाव. पुन्हा चर्र.

लीलानं टाळ्यांचा ठेका धरला, रापणीचं जाळं ओढताना धरतात तसा. "ओढ गो जहिरा, हैसा! तापव चावी, हैसा! जावय माझो, हैसा! बँकेत आसा, हैसा!"

आता राळ वितळून एक थेंब खाली ओघळला, मधासारखा. धूर निघाला, आणि त्या धुराबरोबर वास. कापूस, तेल, राळ, मे महिना. मेहबूब उभा होता तसाच राहिला. जहिराही सांडशी हातात धरून थांबली. होडी गेल्यापासून तो वास असा भरून आलाच नव्हता.

"आवशीच्या हाताक असोच वास येय," तो आईच्या आठवणीनं हळूच म्हणाला. "जेवताना पण येय."

"व्हय."

"पनवेलात मिळना नाय आसात गो राळ."

जहिरानं त्याच्याकडं पाहिलं. तो धुराकडं बघत होता. आता सांगावं, तिला वाटलं. लवंग जिभेवर आली. तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला, आणि नारळांच्या शेंड्या उडवत भाईचा टेम्पो अंगणात शिरला. भाई उडी मारूनच उतरला, हातात फोन.

"लीला! ह्या काय? इरशादान मेसेज केल्यान, 'काका, अभिनंदन, जावय बँकेतलो मिळालो!' माझ्या चेडवाचा लगीन ठरला, आणि माका म्हायती नाय? बापूस आसंय मी तिचो!"

"ओरडू नकोस," लीला शांतपणे म्हणाली. "बरो आसा मुलगो. वायरी काढ."

"खंय आसा तो?"

"राळेत अडकलो हा."

भाईला काहीही कळलं नाही. पण लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसासारखा तो वायरी काढायला गेला.

वैभववाडी गेली असेल, कणकवली येत असेल. जहिरानं चावी आणखी एकदा लालसर केली. या वेळी चावी चिरीत लोण्यात शिरल्यासारखी शिरली. मेहबूबनं सांडशी तिच्या हातातून घेतली, मनगट जरासं फिरवलं. टोपण टचकन उडालं. त्याचा एक कोपरा उष्णतेनं चुरमडला होता. आत कुलपाचं भोक, काळं, कोरडं, शहाणं. तिथपर्यंत राळ पोचलीच नव्हती.

"तू फिरव," तो म्हणाला.

"मी?"

"तापवलंस तू."

जहिरानं फुंकर मारून चावी गार केली, भोकात घातली, बिस्मिल्ला म्हणून फिरवली. आधी अडली, मग आतून काहीतरी जड, जुनं, खरंखुरं खटक् वाजलं. नुसत्या 'कुक्'पेक्षा कितीतरी भरवशाचा आवाज. दार उघडलं. आतून कोंदट हवेचा एक लोट आला. सीटवर पांढऱ्या बुरशीची नाजूक नक्षी उमटली होती.

"उघडला गो बाये!" लीलानं तिला मिठीच मारली.

पुढचं काम भाईचं. दांडी ओढली, बोनेट वर. लाल वायर लालाला, काळी लोखंडाला. टेम्पो थरथरत राहिला, मेहबूबनं बटण दाबलं. गाडी खोकली, शिंकली, आणि चालू झाली. काळा धूर माडाच्या चुडतांपर्यंत गेला.

"आता बंद करू नकात!" भाई ओरडला. "काय झाला तरी बंद करू नकात! बंद केलास तर परत चालू होयत काय नाय, देव जाणे!"

जहिरानं ओल्या फडक्यानं बुरशी पुसली, सीटवर चादर टाकली, दोघं निघाली. मागं लीला भाईला समजावत होती. आवाज ऐकू येत होता, "नसलो म्हणान काय झाला? गावात शोधूक नको काय?"

कुडाळच्या वाटेवर मेहबूबनं गाडी अशी चालवली की जणू डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर आहे. चढाला हळू, उताराला त्याहून हळू. आठवडा बाजाराची गर्दी आली तेव्हा तो भोंगा वाजवत बसला, पण इंजिन बंद केलं नाही. स्टेशनाबाहेर इरशाद बॅगेवर बसून वाट पाहत होता. उठला, गाडीकडं बघून हसला, आणि त्या हसण्यात तो इतका लहान दिसला की जहिराचे डोळे भरून आले.

"अब्बा, बंद करा मा गाडी. बॅग डिकीत ठेवतंय."

"चलांदे, चलांदे. तू मांडयेर घे बॅग."

"पेट्रोल जळता!"

"जळांदे."

इरशाद पुढं बसला, जहिरा मागं. त्यानं नाकानं हुंगलं. "कसलो वास हो? राळेचो?"

"बंदराची हवा," मेहबूब म्हणाला.

"हय? कुडाळात?"

"आज वारो तिकडसून आसा."

इरशाद हसला. काचेवर बोट फिरवून बघितलं, डॅशबोर्डवर हात फिरवला. "काय म्हणा अब्बा, गाडी बरी ठेवलात तुमी. इंजिनाचो आवाज कसो खणखणीत येता! माका खरा सांगू? भीती होती. म्हटला, पावसात कुसली आसतली. आणि तो लीलाकाकीचो जावय, बिचारो, गेलो काय मगे?"

"गेलो," जहिरा म्हणाली.

"बरा झाला." इरशाद सीटवर ऐसपैस टेकला. "आता माझा काम सोपा झाला. मी येताना विचार करी होतंय, तुमका न्हेवचा कसा? ट्रेनीची तिकटा मिळणत नाय, सामान किती, अब्बाचे गुडघे. पण गाडी एवढी मस्त चलता! चार दिवस रवतंय, मगे ह्याच गाडयेन सगळी मिळान पनवेलाक जावया. अम्मी, तुझी भांडी मागे, अब्बांक पुढे बसवया. रिझवान रोज विचारता, दादी कधी येतली?"

गाडी तशीच धडधडत उभी होती. मेहबूबनं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. मागून जहिराला त्याचे कान लाल झालेले दिसले. त्यानं घसा खाकरला.

"बघूया," तो म्हणाला.

जहिराला आधी हसू आलं. एवढी चावी तापवली, एवढी धावाधाव, शेजारणीला एक अख्खा जावई घडवून दिला, आणि ज्या गाडीनं आपल्याला इथं राखायचं तीच आता आपल्याला न्यायला तयार. मग पाठोपाठ तिच्या डोक्यात एक नवं खोटं तयार झालं. गाडीचे ब्रेक लांबच्या वाटेला धड नाहीत म्हणावं. त्याच्या मागं दुसरं. आपल्याला गाडी लागते. त्याच्या मागं तिसरं, अब्बांच्या गुडघ्याचं. सकाळपासून खोटं कसं सुरसुर येत होतं, रापणीतल्या बारीक मासळीसारखं.

पुढच्या सीटवर मुलाचं डोकं दिसत होतं. मागच्या बाजूचे दोन केस पिकलेले. तो आपल्या आनंदात होता, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. असल्या माणसाला किती वेळा फसवायचं?

"इरशादा," ती म्हणाली.

"काय गो?"

"माका पनवेलाक येवचा नाय."

इरशाद वळला. मेहबूबनंही मान वळवली, आणि त्याच्या डोळ्यांत तिला तिचंच नकोपण दिसलं; त्यानं तिचा आवाज आणखी सुटला.

"रिझवानाक बघूक येतलंय. आठ दिवस रवतलंय, पंधरा दिवस रवतलंय, तेका मांडयेर घेवन निजवतलंय. पण मगे परत येतलंय. अलीजा वायट न्हय, तुझा घर वायट न्हय. तू बोलावतंस, ता माका गोड लागता, म्हणान इतके दिवस तोंड उघडूक नाय. पण माका थय रवाचा नाय रे. गाडी चलांदे नायतर उद्या परत बंद पडांदे. माका हयसरच रवाचा आसा."